सात नंबरांचा एक पंप

सकाळी साडेनऊला माझ्या शेडसमोर सात गाड्या उभ्या होत्या. सात गाड्यांतून सात माणसं उतरली. सातही जणांच्या अंगात लाल जाकीट आणि हातात पत्र. सातही पत्रांत मजकूर एकच. आमच्या विभागाचा पंप ताबडतोब मैदानावर पाठवावा.

शेडमध्ये पंप एक होता.

मी दारात खुर्ची टाकून बसलो होतो. पंपाच्या साखळीची किल्ली खिशात. म्हटलं, गडबड करू नका, एकेकाने या आणि आपला नंबर सांगा. पहिल्याने पत्रातला नंबर वाचला. मी पंपाच्या अंगावर शोधला, सापडला. म्हटलं, बरोबर आहे, हाच तुमचा. दुसऱ्याने वाचला. तोही सापडला. म्हटलं, हाच तुमचाही. सातव्यापर्यंत असंच झालं. खोटं कोणीच बोलत नव्हतं.

आता हे कसं झालं ते पहिल्यापासून सांगायला हवं.

माझं आडनाव शिगवण. गाव रत्नागिरीकडचं. शाळा चौथीपर्यंत. भाईंदर पूर्वेला एका सरकारी ऑफिसात पंप ऑपरेटर म्हणून मी नोकरी केली. ऑफिसचं नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं वाईट नव्हती. लिहिण्यात माझ्या चुका निघतील. पंपात काढून दाखवा.

आमचा होता तो डिवॉटरिंग पंप. म्हणजे साचलेलं पाणी ओढायचं आणि लांब नेऊन फेकायचं. दोन चाकांच्या ट्रॉलीवर बसवलेलं डिझेल इंजिन, एका बाजूला पाणी ओढायचा जाड पाइप, दुसऱ्या बाजूला फेकायचा. मागे आकडा. जीप, ट्रॅक्टर, काय असेल त्याला जोडायचा आणि न्यायचा. इंजिन हँडल मारून चालू होतं. ते हँडल माझ्याशिवाय कोणाच्या हाताला यायचं नाही. दोघांचे अंगठे त्याने मोडले होते. माझा नाही.

पंपाला काम पुष्कळ आणि मागणारे विभाग सात. आगवाल्यांना तळघरातलं पाणी काढायचं असे. पाणीखात्याला फुटलेल्या लाइनचा खड्डा उपसायचा असे. ड्रेनेजवाले, बांधकामवाले, प्रभाग ऑफिसवाले होतेच. आरोग्यवाले डासांसाठी डबकी रिकामी करत. बागवाल्यांना कारंज्याची टाकी धुवायची असे. ज्याला हवा तो पत्र देऊन घेऊन जाई आणि मी पंपाबरोबर जाई. वर्षभर आमची अशी वरात चालू असायची.

सरकारी ऑफिसात डेडस्टॉक रजिस्टर नावाची वही असते. खुर्ची, कपाट, पंखा, जे काही विभागाचं आहे त्याला त्यात नंबर मिळतो आणि तो नंबर वस्तूवर रंगवतात. आमच्याकडे हे रंगवायचं काम दसऱ्याच्या आधी व्हायचं. दसऱ्याला यंत्रांची पूजा, तर पूजेआधी सगळं धुऊन पुसून, रंग मारून, नंबर टाकून तयार. दसऱ्याला पंप ज्या विभागाकडे असेल तिथला स्टोअरकीपर समोर दिसणारी वस्तू आपली समजून वहीत चढवायचा. मग पत्र्याचा साचा आणि पांढरा रंग माझ्या हातात द्यायचा. म्हणायचा, शिगवण, नंबर टाका.

मी टाकायचो. आधीचा नंबर पुसत नव्हतो. सरकारी नंबर पुसणं हा गुन्हा आहे असं मला नोकरीला लागलो तेव्हाच सांगितलं होतं. पुसायचं असेल तर लेखी पत्र लागतं. पत्र कोणी दिलं नाही. त्यामुळे वर्षं जात गेली तसे टाकीवर, मडगार्डवर, ट्रॉलीच्या दांड्यावर, जागा मिळेल तिथे मिळून सात नंबर झाले. अक्षर सुबक. अजून कोणी बघितलं तर नाव ठेवणार नाही.

चूक माझी नव्हती असं मी म्हणत नाही. पण मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. विचारलं कोणी नाही.

पुढे एक मोठा पूर आला आणि सगळ्या ऑफिसांना जाग आली. वरून हुकूम आला, आपत्तीच्या वेळी कोणाकडे काय आहे याची एक यादी करा आणि सगळ्या विभागांना एकत्र काम करायला शिकवा. आमच्याकडे हे काम सामंत साहेबांकडे आलं. शिकलेला, नीट इस्त्रीतला माणूस. त्यांनी सातही विभागांना पत्र पाठवलं, तुमच्याकडे डिवॉटरिंग पंप किती. सातही विभागांनी आपली वही बघितली आणि खरं उत्तर दिलं. एक.

सामंत साहेबांनी बेरीज केली.

बेरीज सात आली म्हटल्यावर वरचे साहेब खूश झाले. लगेच दुसरा कागद निघाला. पंप सात असल्यामुळे त्यातला सर्वात जुना निर्लेखित करावा. निर्लेखित म्हणजे वहीतून काढून भंगारात घालणं. सर्वात जुना म्हणजे केबिन रोडच्या मागल्या शेडमधला, ऑपरेटर शिगवण. ती शेड त्यांना हवी होती. तिथे आपत्तीची कंट्रोल रूम करायची होती. भंगारवाला शनिवारी येणार असं ठरलं.

मी दोन संध्याकाळी बसून अर्ज लिहिला. पंप सात नसून एक आहे, कृपया येऊन बघावे. चार दिवसांनी उत्तर आलं. यादी तपासली असता पंप सात असल्याचे आढळून आले.

मला पंपाचं वाईट वाटत होतं, नाही असं नाही. पण माझ्या डोळ्यासमोर लीलाबाईची गल्ली होती.

आमच्याकडे नव्या बिल्डिंगा भराव घालून उंच बांधल्या. जुनी गावठाणं होती तिथेच राहिली, म्हणजे खाली गेली. अशाच एका गल्लीत लीलाबाई राहायची. तिच्या नवऱ्याला अर्धांगवायू झालेला. अंग हलत नाही, बोलता येत नाही. गल्लीच्या टोकाला नाला आणि नाला खाडीला जोडलेला. उधाण असलं की पाऊस नसतानाही खाडीचं पाणी नाल्यातून उलटं गल्लीत शिरायचं. म्हणून तिने नवऱ्याच्या खाटेच्या पायांखाली तीन-तीन विटा लावल्या होत्या. पाणी किती चढलं ते ती विटांवर मोजायची. एक वीट भिजली की मला निरोप यायचा. दुसरी भिजायच्या आत मी पोचायचो. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. शनिवारनंतर निरोप कोणाला द्यायचा, हा माझा प्रश्न होता.

भंगारवाला यायचा त्या आठवड्यात बुधवार आणि गुरुवार असे दोन दिवस ट्रेनिंग लागलं. शिकवायला मेहरा साहेब आले. मिलिटरीतून रिटायर्ड, पांढऱ्या मिशा, खिशाला पांढरा रुमाल, हातात स्टॉपवॉच. माणूस चांगला. शिकवायचाही सोपं. माझ्यासारख्याला कळलं, यावरून समजा.

त्यांनी पहिल्या दिवशी तीन गोष्टी सांगितल्या. संकटाच्या जागी हुकूम एकाच माणसाने द्यायचा, त्याला इन्सिडंट कमांडर म्हणतात. तो ओळखू यावा म्हणून त्याने लाल जाकीट घालायचं, बाकीच्यांनी पिवळं, हिरवं, निळं. लाल जाकीटवाला सांगेल ते बाकीच्यांनी करायचं, विचारायचं नाही. दुसरी गोष्ट, बातमी एकाच जागी जमा करायची. तिसरी, पंप, क्रेन, गाड्या आधी एका मैदानात आणून उभ्या करायच्या, त्याला स्टेजिंग एरिया म्हणायचं, आणि तिथून गरजेप्रमाणे पाठवायच्या.

जाकिटांवरून जेवणाच्या सुट्टीत भांडण झालं. सात विभागांचे सात साहेब. हिरवं घालायला कोणी तयार होईना. आगवाले म्हणाले आमची सर्व्हिस जुनी. बांधकामवाले म्हणाले आमचा ग्रेड वरचा. बागवाले साहेब म्हणाले, हिरवं दिलंत तर मी घरी जातो, लोक आधीच मला माळी म्हणतात. शेवटी सामंत साहेबांनी सात लाल जाकिटं मागवली. मेहरा साहेबांना सांगितलं, सर, सध्या लालच स्टॉकमध्ये आहे.

दुपारी कागदावरची प्रॅक्टिस झाली. समजा भरती आली आणि एकाच वेळी सात ठिकाणी पाणी भरलं. इंद्रलोक वसाहतीच्या गेटवर, स्टेशनच्या बाहेर, अशी सात नावं. प्रत्येक कमांडरने नकाशावर आपला पंप पाठवला. दहा मिनिटांत सातही जागा कोरड्या. टाळ्या झाल्या.

मी मागच्या बाकावर होतो. हात वर केला.

मेहरा साहेब म्हणाले, "बोलिए, चाचा."

मी म्हटलं, "साहेब, पंप एक आहे."

सगळे हसले. सामंत साहेब उठले आणि मला समजावून सांगितल्यासारखं म्हणाले, "शिगवण, तुम्ही तुमच्या पंपाबद्दल बोलताय. ही यादी सगळ्यांची आहे."

मी खाली बसलो. मला वाटतं त्या खोलीत प्रत्येकाला ठाऊक होतं की आपल्याकडे एक पंप आहे आणि तो कधीमधी शिगवण घेऊन येतो. बाकीच्या सहा जणांकडेही असाच एखादा पंप आणि असाच एखादा शिगवण असेल, असं प्रत्येकजण धरून चालला होता.

दुसऱ्या दिवशी खरी ड्रिल. मेहरा साहेबांनी सांगितलं, उद्या कागद नाही. सातही पंप सकाळी दहापासून एका शाळेच्या मैदानावर आणायचे, मी गेटमध्ये बसून एकेक मोजणार. त्या तारखेला तिथी कोणती हे कोणी बघितलं नव्हतं. अमावास्या होऊन दोन दिवस झाले होते. म्हणजे उधाण. आमच्याकडे उधाणाची भरती दुपारी बाराच्या पुढे येते. मी सामंत साहेबांना तेही सांगितलं. ते म्हणाले, भरती आपल्या सिनॅरिओत आहेच.

तर अशा रीतीने गुरुवारी सकाळी सात गाड्या आणि सात कमांडर माझ्या शेडसमोर आले.

सातवा नंबरही जुळला. सातही जण पंपाभोवती फिरून आले. बागवाल्या साहेबांनी खाली वाकून ट्रॉलीखालीही बघितलं. मग सामंत साहेबांना फोन गेला. ते स्कूटरवरून आले, पंप बघितला, नंबर वाचले आणि माझ्या खुर्चीत बसले. चेहरा उतरला होता. वरच्या साहेबांना सात कळवलेले होते. मेहरा साहेब गेटवर घड्याळ लावून बसले होते.

पाचेक मिनिटांनी सामंत साहेब उठले. म्हणाले, मैदानाला दोन गेटं आहेत. पुढच्या गेटातून आत जायचं, मेहरा सरांसमोरून जाऊन स्टेजच्या मागे वळायचं, मागच्या गेटातून बाहेर. पुढच्या विभागाची गाडी तिथे उभी असेल. पंप तिला जोडायचा, केबिन रोडने फिरून पुन्हा पुढच्या गेटात. गाडी वेगळी, बॅनर वेगळा, कमांडर वेगळा.

मी म्हटलं, मी नाही येत.

नियम असा होता की ऑपरेटरशिवाय पंप हलत नाही. सामंत साहेबांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "सात पूर्ण होऊ द्या शिगवण, मग तुमच्या पंपाचं मी बघतो. शब्द देतो."

मी किल्ली दिली. माझी दुसरी चूक.

पहिली फेरी आगवाल्यांच्या जीपला जोडून. मेहरा साहेबांनी घड्याळ बघितलं, कागदावर खूण केली. मागच्या गेटाला पंप सोडला, पाणीखात्याच्या ट्रकला लावला, केबिन रोडने वळून पुन्हा आत. दुसरी खूण.

केबिन रोडवर एक फुलवाला भय्या बसायचा. दुसऱ्या फेरीला पुढे लाल जाकीटवाला साहेब, मागे पंप, पंपावर मी, हे बघून त्याने विचारलं, "चाचा, किसकी सवारी है?"

मी म्हटलं, सरकारी.

त्याने उठून पंपाला झेंडूचा हार घातला आणि हात जोडले. तिसऱ्या फेरीला म्हणाला, "फिर आ गए?"

मी म्हटलं, हा दुसरा पंप आहे.

तो हाराकडे बघून म्हणाला, "माला तो वही है."

सगळ्या ड्रिलमध्ये पंप ओळखणारा तो पहिला माणूस. त्याला कोणी यादीत घेतलं नव्हतं.

मेहरा साहेबांना मात्र संशय आला नाही. त्यांची नजर घड्याळावर आणि कागदावर होती. तिसऱ्या फेरीला ते सामंत साहेबांना म्हणाले, "सब पंप एक जैसे मेंटेन किए हैं. व्हेरी गुड." मला सांगितलं होतं की मेहरा साहेबांसमोरून जाताना डोकं खाली ठेवा. मी ठेवलं नाही. चौथ्या फेरीला त्यांनी माझ्याकडे दोनदा बघितलं. म्हणाले, "ये चाचा तो..."

सामंत साहेब पटकन म्हणाले, "सर, ऑपरेटर सब रत्नागिरी के हैं."

तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं. रत्नागिरीची माणसं अशी एकमेकांसारखी दिसतात हे मला त्या दिवशी कळलं.

चौथी खूण झाली आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आतापर्यंत सात पंप फक्त वहीत होते. आता एका मिलिटरीवाल्याने ते डोळ्यांनी बघून मोजले असा कागद तयार होत होता. सात झाले की सातातला जुना भंगारात जाणार आणि कोणी काही बोलू शकणार नाही. मी पंपावर बसून माझ्याच पंपाची तिरडी फिरवत होतो. सामंत साहेबांचा शब्द होता, पण शब्दाला नंबर नसतो.

पाचवी फेरी बागवाल्यांच्या ट्रॅक्टरला. खूण झाली. मागच्या गेटातून बाहेर पडलो तर गेटाला लीलाबाई उभी. पायात चप्पल नाही, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. ती आधी शेडवर जाऊन आली होती. शेड रिकामी बघून विचारत विचारत इथे आली.

"दादा, पानी आयलाय," ती म्हणाली. "दोन इटा भिजल्यान. एकच ऱ्हायलीय. पंप हाय का न्हाय?"

मी म्हटलं, आहे.

बागवाले साहेब ट्रॅक्टरवरून उतरून समोरच्या टपरीवर चहा घ्यायला गेले होते. सहाव्या विभागाची गाडी पलीकडे वाट बघत होती. तिचा ड्रायव्हर आकडा सोडवायला पुढे आला. मी त्याला म्हटलं, हात लावू नको. ट्रॅक्टरवाल्याला म्हटलं, डावीकडे घे.

ट्रॅक्टरवाला म्हणाला, "काका, मला ऑर्डर नाही. सायबाने सांगितलंय इथेच सोडायचा."

बागवाल्या साहेबांना गरम होत होतं म्हणून त्यांनी लाल जाकीट काढून ट्रॅक्टरच्या सीटवर टाकलं होतं. मी ते उचललं आणि अंगात घातलं. मला घट्ट झालं.

म्हटलं, "आता ऑर्डर आहे. डावीकडे."

ट्रॅक्टरवालाही आदल्या दिवशी ट्रेनिंगला बसला होता. लाल जाकीट सांगेल ते करायचं, विचारायचं नाही. त्याने डावीकडे घेतलं.

गल्लीत पाणी गुडघ्याच्या वर होतं. लीलाबाईच्या घरात खाट तिसऱ्या विटेवर आणि पाणी तिसऱ्या विटेच्या मध्यावर. तिचा नवरा छताकडे बघत पडला होता. मान वळत नाही त्याची. पाणी किती आलं ते त्याला दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं.

असं पाणी काढायची एक रीत असते. नुसता पंप लावून उपयोग नाही. नाल्यातून पाणी येतंच राहिलं तर जन्मभर उपसत बसाल. आधी नाल्याच्या तोंडाला रेतीच्या गोण्या टाकायच्या आणि वाट बंद करायची. मग आतलं पाणी ओढून रस्त्यापलीकडच्या उंच गटारात फेकायचं. गोण्या लीलाबाईच्या ओट्याखाली कायम भरून ठेवलेल्या होत्या, मीच ठेवायला लावल्या होत्या. गल्लीतली चार माणसं आली, ट्रॅक्टरवाला आला. तोंड बंद केलं. ओढायच्या पाइपात आधी पाणी भरून हवा काढावी लागते, नाहीतर पंप नुसता बोंबलतो आणि पाणी ओढत नाही. ती काढली. हँडल मारलं. पहिल्या फटक्याला नाही. दुसऱ्या फटक्याला नाही. सकाळपासून उन्हात फिरवून तापला होता. तिसऱ्याला लागला.

इंजिनाचा आवाज झाला तशी लीलाबाई आत जाऊन नवऱ्याच्या कानाशी म्हणाली, "पंप आयला."

इकडे मैदानावर काय झालं ते मला सहाव्या गाडीच्या ड्रायव्हरने आणि नंतर एका स्टोअरकीपरने सांगितलं.

मेहरा साहेब सहाव्या पंपाची वाट बघत होते. घड्याळ चालू. सहावा येईना. एवढ्यात प्रभाग ऑफिसचा माणूस धावत आला की गावठाणात खरंच पाणी शिरलंय, एक माणूस खाटेवर अडकलाय. मेहरा साहेब उठून उभे राहिले. म्हणाले, ड्रिल थांबवा, पाच पंप आत आलेत, त्यातला एक ताबडतोब पाठवा.

पाचही कमांडर एकमेकांकडे बघायला लागले. पंप कुठे गेला ते सहाव्या गाडीच्या ड्रायव्हरने एव्हाना त्यांना सांगितलं होतं. मेहरा साहेबांनी आगवाल्यांना विचारलं, तुमचा पंप कुठे? आगवाले म्हणाले, सर, तो तिकडेच गेलाय. पाणीखात्याला विचारलं. त्यांनीही सांगितलं, सर, आमचाही तिकडेच गेलाय. मग आरोग्य, मग ड्रेनेज. बागवाले साहेब चहा घेऊन जाकीट शोधत आले होते, त्यांनीही तेच सांगितलं. पाचही जण खरंच बोलत होते.

मेहरा साहेबांना एवढा आनंद झाला की विचारू नका. न सांगता, कोणी हुकूम न देता, पाच विभागांनी पाच पंप एका जागी पाठवले. म्हणाले, मी नोकरीत असं कोऑर्डिनेशन बघितलं नाही, मला ते बघायचंय. सामंत साहेब म्हणाले, सर, आधी जेवून घेऊ. मेहरा साहेब जीपमध्ये बसलेसुद्धा.

ते गल्लीत आले तेव्हा पाणी दुसऱ्या विटेवर उतरलं होतं. जीपमागे सहा गाड्या, सगळ्या लाल जाकिटांच्या. मेहरा साहेब पँट वर करून पाण्यातून चालत आले. माझ्यापुढे उभे राहिले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"बाकी चार कहाँ हैं?"

 इंजिनाच्या आवाजात बोलून उपयोग नव्हता. टाकीवर बोट ठेवून दाखवलं. त्यांनी वाकून पहिला नंबर वाचला. मग मडगार्डवरचा. मग फिरून दांड्यावरचे. एकेका नंबरावर हात ठेवत ते पंपाभोवती गेले आणि मोठ्याने मोजत होते. सात. मग त्यांना हार दिसला. गेटात दिसलेला तोच हार त्यांनी हात लावून बघितला. हात बघितला तर काळा. खिशातला पांढरा रुमाल काढून पुसायला लागले. रुमाल गेला.

"नंबर किसने लिखे?" त्यांनी विचारलं.

"मीच," मी म्हटलं.

"अक्षर अच्छा है," ते म्हणाले. मग माझ्या जाकिटाकडे बघून विचारलं, "यहाँ कमांडर कौन है?"

मागे सहा लाल जाकिटं उभी होती. कोणी पुढे आलं नाही.

मी म्हटलं, "पाणी उतरेपर्यंत मी. मग ज्याचं जाकीट त्याला परत."

त्यांनी स्टॉपवॉच बंद केलं आणि लीलाबाईच्या ओट्यावर जाऊन बसले. तिने चहा दिला. खाटेच्या खालच्या विटाही बाहेर दिसायला लागेपर्यंत ते तिथून उठले नाहीत. सामंत साहेब त्यांच्या शेजारी उभे होते. बसा म्हणून त्यांना कोणी सांगितलं नाही.

संध्याकाळी मेहरा साहेबांनी रिपोर्ट लिहिला. त्यात एकच ओळ होती असं म्हणतात. पंप एक आहे, जपावा. शनिवारी भंगारवाला आला. त्याला चहा पाजून परत पाठवलं.

इथपर्यंत सगळं ठीक. पण वहीत सात आणि जागेवर एक म्हटल्यावर ऑफिसच्या भाषेत सहा पंप गायब झाले. सहा गायब म्हणजे चौकशी, आणि चौकशी म्हणजे सहा स्टोअरकीपर अडकणार. त्यातले दोन रिटायर व्हायला आलेले. शेवटी सामंत साहेबांनी मार्ग काढला. सहा पंप जुने झाले असं दाखवून निर्लेखित करायचे. त्यासाठी ऑपरेटरचा दाखला लागतो की पंप दुरुस्तीच्या पलीकडे गेला आहे. ऑपरेटर एकच होता.

मी अट घातली. शेड माझ्याकडे राहील आणि ओढायचा पाइप नवा येईल. दोन्ही कबूल झालं. मग मी सहा दाखल्यांवर सह्या केल्या. जे पंप कधी नव्हतेच ते दुरुस्तीच्या पलीकडे आहेत, यात मला काही खोटं दिसत नाही.

पुढच्या दसऱ्याला आपत्ती कक्षाचा नवीन क्लार्क शेडवर आला. हातात पत्र्याचा साचा आणि पांढरा रंग. म्हणाला, काका, पंप आता आमच्या कक्षाकडे आला, आठवा नंबर टाका. मी म्हटलं, टाकतो, पण आधीचे सात पुसायचं लेखी पत्र आण. तो आणतो म्हणून गेला. मी रिटायर झालो तोवर पत्र आलं नव्हतं. रंग डब्यात वाळून गेला.

मेहरा साहेबांनी शिकवलेलं सगळं बरोबर होतं. हुकूम एकाचा, बातमी एका जागी, यंत्रं एका मैदानात. मी त्यात चौथी पासाची एक गोष्ट घालतो. यादीत काहीही लिहिलेलं असो, वस्तूला जाऊन हात लावून या. हात काळा झाला तर ती आहे.